ठोकू नये, बेल दाबावी

अण्णा, तुझ्या मृणालने मला दोन पानं लिहून आणायला सांगितली आहेत. बाराव्याला तुमच्या यिशुनच्या फ्लॅटवर पंधरा-वीस माणसं जमतील, तेव्हा वाचून दाखवायला. "काका, समथिंग नाइस लिहा हां," म्हणाली. "बाबांना तुम्हीच बेस्ट ओळखायचे. फनी स्टोरीज पण चालतील लाह." इथल्या पोरांचं ते 'लाह' सुटत नाही. मी हो म्हटलं. नाइस लिहायला बसलो, अर्धं पान झालं, आणि वाचून बघितलं तर मलाच तुझी ओळख पटेना. त्यात तू हसतमुख होतास, मनमिळाऊ होतास, अडल्यानडल्याला धावून जायचास. तू कधी कुणासाठी धावला नाहीस. तू तिरसट होतास, खडूस होतास, आणि सकाळी पहिली कॉफी पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. ते पान मी पूर्ण करीन आणि मृणालला देईन. हे दुसरं आहे, आणि हे कुणापुढे वाचायची हिंमत माझ्यात आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा वर्षं आपण एका व्हॅनमध्ये बसलो. कॉन्ट्रॅक्टरची पांढरी व्हॅन, मागे शिडी, पाने, पाइपचे तुकडे आणि साबणाच्या पाण्याची बाटली. पाण्याची लाइन गळाली की आपण, गॅसचा वास आला की आपण. वीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून मग इथे परदेशात जमिनीवर आलेला मालवणचा मयेकर तू, आणि मिरजेहून आलेला आयटीआय फिटर म्हादू जाधव मी. तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी तुला अहो-जाहो करत होतो, तर तू गाडी कडेला घेतलीस. "हे तुम्ही-आम्ही गाडीत चालायचं नाही," म्हणालास. "गॅस सुटलेला असताना 'अण्णा, आपण जरा बाहेर येता का' असं बोलेपर्यंत आपण दोघं भिंतीला चिकटलेले असू. 'भायर ये' म्हणायचं. दोन शब्द." तेव्हापासून मी तुला तू म्हणतो. आज वापरायला तेवढंच उरलंय.

दुसरा नियम बेलचा. वासाची तक्रार आलेल्या घरी बेल दाबायची नाही, फोन व्हॅनमध्ये ठेवायचा, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. एवढीशी ठिणगी पुरते. म्हणून दारापुढच्या लोखंडी गेटच्या गजांतून हात आत घालून दार ठोकायचं. तीन ठोके, थांबायचं, मग एक. हे सगळ्यांनाच शिकवतात, पण तुझं ते हाडात गेलं होतं. दिवाळीला हौगांगला माझ्या खोलीवर फराळ घेऊन यायचास तरी तीन आणि एक. माझ्या घरमालकिणीने गाणं वाजणारी नवी बेल बसवली, मोठ्या कौतुकाने तुला दाखवली, आणि तू तिच्यासमोर दार ठोकलंस. मीही तसाच झालो. मिरजेला सुट्टीवर गेलो की माझी बायको म्हणते, पोलिसासारखं दार काय बडवताय, बेल आहे ना.

एकदा, सुरुवातीच्या दिवसांत, मी खिशात फोन विसरून तुझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात शिरलो आणि तो वाजला. तू मला तिथेच थोबाडीत मारलीस. घरात एक म्हातारी चिनी बाई, तिची सून, आणि सुनेच्या कडेवरची लहान मुलगी. ती मुलगी हसली. मी चाळिशीला आलेला बाप्या, दोन पोरांचा बाप, गालावर तुझी पाच बोटं घेऊन साबणाचं पाणी पाइपला लावत होतो. व्हॅनमध्ये बसल्यावर तू म्हणालास, "दुखतंय? दुखू दे. जिवंत माणसालाच दुखतं." माफी तू मागितली नाहीस. ती थप्पड मी तुला कधीच माफ केली नाही, अण्णा, आणि पुढे जे झालं त्यात तिचा वाटा होता. तो किती होता ते मला सांगता येणार नाही.

आता तुझे उपकार. ते सांगायला लागणारच, कारण ते रोज माझ्या कानात असतात. पाण्याची गळती शोधायला तुझ्याकडे ती स्टीलची काठी होती, खाली टोक आणि वर कान टेकवायला वाटी. डेपोत हेडफोनवाली यंत्रं आली तरी तू ती पिशवीत झोपवून ठेवायचास आणि काठी काढायचास. हौगांगच्या मार्केटमागे, बसगाड्या जात असताना, भर उन्हात तू मला व्हॉल्व्हवर कान लावून अर्धा-अर्धा तास उभा केलास. "डोळे मीट. तोंड थोडं उघडं ठेव. दातांवर दात ठेवून ऐकशील तर स्वतःचंच डोकं ऐकशील." आणि एके दिवशी मला ते ऐकू आलं. सहा फूट खाली, कॉंक्रीटच्या पोटात, शिट्टीच्या आधी कुकर करतो तसा बारीक आवाज. मी डोळे उघडले तर तू माझ्याकडे बघत होतास, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं तू म्हणालास, "शाबास, मेल्या."

तुझे स्वतःचे कान तोवर निकामी व्हायला लागले होते. वीस वर्षं इंजिनाने ते आतून खाल्ले होते. जाड आवाज तुला यायचे, बारीक यायचे नाहीत. गळतीचा आवाज बारीकच असतो. तू काठी लावायचास, डोळे मिटायचास, मान हलवायचास आणि म्हणायचास, "म्हादू, तू पण बघ जरा, तुझी प्रॅक्टिस होऊ दे." मी ऐकायचो. असेल तर बुटाने फुटपाथवर एकदा टकटक करायचो. तू तिकडे न बघता खडूने फुली मारायचास. याबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. दीड वर्ष तुझ्या फुल्या माझ्या बुटाने मारल्या, आणि शाबासकी तुझ्या खात्यावर जात राहिली. "मयेकरचा कान म्हणजे मशीन," असं आपला सुपरवायझर लिम सांगत फिरायचा. मी बाजूला उभा राहून ऐकायचो.

मी काही साधुसंत नव्हतो. त्याची भरपाई मी दुसरीकडे करून घेत होतो. डेपोच्या कँटीनमध्ये तू समोर बसलेला असताना मी नुसते ओठ हलवायचो. आवाज नाही, शब्द नाहीत, नुसते ओठ. तू मान डोलवायचास. "हां हां, बरोबर आहे," म्हणायचास. बाकीची मंडळी ताटात तोंड खुपसून हसायची. एकदा तू विचारलंस, "काय झालं रे, हसायला?" मी पुन्हा नुसते ओठ हलवले आणि तूही आमच्याबरोबर हसलास. हे मी मृणालच्या पानावर लिहू काय? फनी स्टोरी आहे.

मग हौगांगचं दुसरं एक स्वयंपाकघर. वासाची तक्रार, दुपारची वेळ, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, एकटी म्हातारी. तू शेगडीखालच्या कपाटात डोकं घालून जॉइंट आवळत होतास. गॅस मोजायचा मीटर तू मागे ओट्यावर ठेवला होतास, तुझ्या पाठीशी. मी खिडक्या उघडायला हॉलमध्ये गेलो होतो. मीटर किंचाळायला लागला. तो आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनी कान झाकावेत. म्हातारीने झाकलेच. आणि तू शांतपणे पाना फिरवत राहिलास. मी "अण्णा, भायर ये" ओरडलो. दोनच शब्द, तूच शिकवलेले. तू हलला नाहीस. म्हातारी बिचारी घाबरली आणि वास जावा म्हणून एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे हात न्यायला लागली. मी तिच्यावर झेप घेतली. तिच्या मनगटाची कातडी माझ्या नखांखाली आली. मग तुझा पाय धरून तुला कपाटातून खेचून काढलं. तुझं कपाळ फुटलं आणि तू मला शिव्या देत होतास.

खाली आल्यावर तू रुमाल कपाळाला दाबून बसलास आणि म्हणालास, "मीटर उगाच ओरडतो. जरा जास्तच नाजूक आहे." मी म्हटलं, "तुला तो ऐकू आला नाही, अण्णा." तू समोर रस्त्याकडे बघत राहिलास. मला वाटतं ते तू ऐकलं होतंस, पण तुझ्या बाबतीत हे कधीच नक्की सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिमच्या केबिनमध्ये गेलो. तो म्हणाला, "यू शुअर आह? देन राइट इट डाउन. साइन." मी फॉर्म भरला. मयेकर यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या आणि रहिवाशांच्या जिवाला धोका आहे. खाली सही. खरं होतं, शब्द न् शब्द खरा. आणि तुझी पुढची सीट, व्हॅनच्या मुख्याची, मला मिळणार हे मला माहीत होतं, तेही खरं. थपडेची आठवण सही करताना आली होती, तेही. आपल्या भांडणात तू एकच प्रश्न विचारत राहिलास: म्हातारीसाठी केलंस की सीटसाठी? मी दर वेळी म्हातारी म्हणालो. आज तुझ्या माघारी सांगतो, दोन्हीसाठी. आणि म्हातारी नसती तरी कधी ना कधी केलंच असतं.

तुझी कानांची तपासणी झाली, तुला स्टोअरमध्ये बसवलं, नट आणि वॉशर वेगळे करायला. तिसऱ्या आठवड्यात तू राजीनामा दिलास. शेवटच्या दिवशी डेपोच्या गेटपाशी मी तुझी काठी तुला द्यायला आलो. तू ती घेतली नाहीस. "ठेव तुझ्याकडे," म्हणालास. "ऐकणारा तूच होतास की. मला आधी सांगायचं होतंस, म्हादू. माझ्या तोंडावर. मी स्वतः गेलो असतो लिमकडे." मी म्हटलं, "तू नसता गेलास." तू म्हणालास, "नसतो गेलो. पण तू सांगायचं होतंस." मग जाता जाता वळलास. "आता माझ्या दारावर कधी आलास तर बेल दाब. साहेब लोक बेल दाबतात." सगळ्यांसमोर बोललास. मला मिरच्या झोंबल्या, आणि मीही सगळ्यांसमोर, आवाज न काढता, ओठ हलवले. या वेळी तुला ते समजलं. तुझा चेहरा मी बघितला.

चार महिने आपण बोललो नाही. मग वहिनींचा चिपळूणहून फोन आला. त्या आईच्या आजारपणासाठी महिनाभर तिकडे गेल्या होत्या. "भावजी, एकदा घरी जाऊन या. कुणाशी बोलत नाहीत, नुसता टीव्ही. तुमचं नाव काढलं की ओरडतात, म्हणजे तुमचीच आठवण येते." मी मेसेज केला: रविवारी अकराला येतो. तू नुसता अंगठा पाठवलास. मला वाटलं होतं तू तेवढाही पाठवणार नाहीस.

रविवारी अकराला पाच कमी असताना मी तुझ्या दारासमोर होतो. हातात अर्धा डझन केळी, कारण रिकाम्या हाताने आलेलं तुला खपायचं नाही. गेट बंद, आतलं दार बंद. बेलच्या बटणाच्या जरा वर एक कागद चिकटवलेला. तुझं ते जहाजावरच्या लॉगबुकातलं सरळ उभं अक्षर, आणि मराठीत: ठोकू नये. बेल दाबावी.

त्या मजल्यावर एक मलय कुटुंब आहे, दोन चिनी, आणि टोकाला एक तमिळ मास्तर. मराठी वाचणारा त्या दारावर माझ्याशिवाय कोण येणार? डोळ्यांसमोर डेपोचं गेट आलं. साहेब लोक बेल दाबतात. म्हणजे चार महिने मनात धरून, मी येतोय म्हटल्यावर मुद्दाम कागद काढून, सुवाच्य अक्षरात तू मला टोमणा लिहून ठेवलास, वर 'दाबावी' अशी अदब करून. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मरू दे तुझी बेल. गजातून हात घातला आणि ठोकलं. तीन, थांबलो, एक.

आतला टीव्ही मोठ्याने लागलेला. पंखा कुरकुरत होता. टीव्हीवरचा माणूस श्वासापुरता थांबला तेवढ्यात चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, कारण ऐकायला तूच शिकवलंस. तू आत होतास. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा. मग थांबायचं विसरून सरळ बडवलं. मलय बाईने शेजारचं दार उघडून बघितलं. "प्रेस बेल लाह," ती म्हणाली. मी म्हटलं, "नो नीड." केळी गेटला अडकवली, मग तीही काढून घेतली. म्हटलं, खा टीव्ही.

विचार कर, अण्णा. ज्या माणसाने सही करून लिहून दिलं होतं की तुला ऐकू येत नाही, तोच तुझ्या दारावर मुठी आपटत होता आणि तू ऐकत नाहीस म्हणून चिडला होता. त्या दहा मिनिटांत ही गोष्ट एकदाही माझ्या मनात आली नाही.

मी लगेच घरी गेलोही नाही. तुझ्या ब्लॉकपासून चालत पाच मिनिटांवर हॉकर सेंटर आहे, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं, तिथे बसून कोपी, इथली ती कडक कॉफी, प्यायलो आणि तुझी केळी एक-एक करून खाल्ली. अकरा चाळीसला तुझा मेसेज आला: कुठे आहेस? पोहे झाले. मला वाटलं, वा, आत बसून माझं ठोकणं ऐकलंस आणि आता वर साळसूदपणे विचारतोस. मी उत्तर दिलं नाही. बारा वीसला दुसरा आला: पोहे गार झाले. तोही वाचला. मी वाचलाय हे तुला दिसावं म्हणून मुद्दाम उघडून वाचला. मग फोन खिशात घातला आणि घरी जायला निघालो. मला त्या वेळी बरं वाटत होतं. खरंच, फार बरं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, दुपारी कधीतरी. हार्ट. मृणालने संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला, तू उचलला नाहीस, म्हणून ती स्वतःच्या किल्लीने आत गेली.

सोमवारी मी तुमच्याकडे पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. वहिनींचं विमान रात्री उतरणार होतं. मृणाल तिच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातल्या कुणाशी फोनवर बोलत होती, कागदपत्रांचं. मी दाराशी उभा असताना कुणीतरी फुलं घेऊन आलं आणि बेल दाबली. तेव्हा हॉलमधला भिंतीवरचा एक दिवा भकभक पेटायला लागला. पांढरा, डोळ्यांवर येणारा. मी दचकलो. मृणाल म्हणाली, "ओ, तो. मी लावला, थ्री वीक्स झाले. बाबांना नॉक ऐकूच यायचं नाही ना. बेल दाबली की लाइट फ्लॅश होतो." मी कागदाकडे बघितलं. तिनेही बघितलं आणि रडता रडता थोडं हसली. "मी म्हटलं बाबा, इंग्लिशमध्ये लिहा, नेबर्स कसे वाचणार? तर म्हणतात, नेबर्स बेलच दाबतात. ठोकणारा एकच आहे."

तुझी खुर्ची हॉलमध्ये तशीच होती. तिची पाठ टीव्हीकडे होती आणि तोंड दिव्याकडे. टेबलावर दोन ताटल्या, एक रिकामी, दुसरीत पोहे, वर तिसरी झाकण म्हणून. कुणी उचललं नव्हतं. मृणाल म्हणाली, "तुमचा मेसेज मी बघितला त्यांच्या फोनवर. काका, डोन्ट फील बॅड. तुम्हाला काम आलं असेल, इट्स ओके." तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो, काम आलं." मंडाईला स्मशानात तुला भट्टीत सरकवलं तेव्हाही ती माझा हात धरून उभी होती. मी न येण्याबद्दल तिने मला माफ केलंय. मी आलो होतो, हे तिला माहीत नाही.

तू गेलास तेव्हा तुझ्या हिशेबाने मी आलोच नव्हतो. यावर काय बोलायचं? तू असतास तर आपण यावर वर्षभर भांडलो असतो. तू म्हणाला असतास, मराठीत एवढं स्वच्छ लिहिलं होतं, वाचता येत नाही काय तुका? मी म्हटलं असतं, एक ओळ वाढवून 'दिवा लागतो' असं लिहिता येत नव्हतं? तू म्हणाला असतास, त्या फॉर्मवर तू माझ्याबद्दल काय लिहिलंस ते तरी लक्षात ठेवायचं. नेहमी तूच जिंकायचास, आणि जिंकल्यावर कधी थांबायचा नाहीस.

तुझा राग मला अजून येतो. एवढा तोंडाळ माणूस, आयुष्यभर मला फाडफाड बोललास, आणि ऐकू येत नाही एवढी एक गोष्ट तुझ्या तोंडातून कधी निघाली नाही. दीड वर्ष माझ्या बुटाकडे बघून न बघितल्यासारखं केलंस. एकदा म्हणाला असतास, म्हादू, कान गेले रे, तर मी फॉर्म फाडला असता. फाडला असता का? माहीत नाही. तू नाहीस म्हणून असं म्हणायला सोपं जातंय.

काल रात्री इथवर लिहून झोपलो. आज सकाळी ते नाइस पान पाकिटात घालून यिशुनला आलो. बारावं उद्यावर आहे. हा कागदही खिशात होता. दार बंद होतं आणि तुझी सूचना अजून जागच्या जागी होती, कडेची टेप सुटायला आलेली. सवयीने हात गजातून आत गेला. मी तो काढून घेतला आणि बेल दाबली. अकरा वर्षांत तुझ्या दारावर पहिल्यांदा.

वहिनींनी दार उघडलं. डोळ्यांवर हात धरला होता, दिव्यामुळे. "अहो भावजी," म्हणाल्या, "बेल कशाला दाबलीत? ठोकलं असतंत तरी मला ऐकू आलं असतं."

मग मी गेटच्या बाहेर, चपला न काढता, सांगितलं. रविवारी मी आलो होतो. कागद वाचला होता. ठोकलं होतं, किती वेळा ते सांगितलं. टीव्ही ऐकू येत होता, चमचा ऐकू आला होता. हॉकर सेंटर, केळी, दोन्ही मेसेज. बरं वाटलं होतं, तेसुद्धा सांगितलं. गेटची कडी वहिनींच्या हातात होती, उघडायला घेतलेली, ती तशीच धरून त्या उभ्या होत्या.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाराच्या सुमारास त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला होता. म्हणाले, म्हादू काही आला नाही. मी म्हटलं, येईल हो. टीव्हीत डोकं घालून बसू नका. खुर्ची फिरवा आणि दिव्याकडे बघत बसा, नाहीतर तो येऊन परत जाईल."

त्यांनी कडी सोडली आणि आतलं दार लावून घेतलं. मी तिथेच उभा राहिलो, अण्णा. आत चपला घासत स्वयंपाकघराकडे गेल्या. नळ सुटला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं, त्याच्याखाली भांडं नव्हतं, हात नव्हता. मला सगळं ऐकू येतं.